दूरसल्ला देण्यास डॉक्टर 'तयार' आहेत, म्हणजे नेमके काय?

सायंतारा

मी मेडिसिन विभागात निवासी डॉक्टरांना शिकवते. आमच्याकडे टेलिमेडिसिनची, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून दूरसल्ला देण्याची, ओपीडी सुरू होण्यापूर्वी सर्व निवासी डॉक्टरांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. व्हिडिओ कॉलची यंत्रणा वापरता येते का, दूरसल्ल्याचा रुग्णांना उपयोग होईल असे वाटते का, संमती आणि गोपनीयतेचे नियम माहीत आहेत का, संधी मिळाल्यास दूरसल्ला द्याल का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. ज्यांना ठरावीक गुणांपेक्षा अधिक गुण मिळाले ते 'तयार' ठरले आणि त्यांच्या पाळ्या लागल्या.

त्या तयार डॉक्टरांपैकी एकाच्या शेजारी बसून मी त्याचे काम पाहत होते. पोटदुखीची तक्रार असलेला एक तरुण रुग्ण पडद्यावर आला. आमच्या डॉक्टरने स्वतःची ओळख करून दिली, रुग्णाचे नाव आणि वय पडताळले, संमती घेतली, दुखणे कधी सुरू झाले, जेवणाशी त्याचा काही संबंध आहे का, उलट्या किंवा जुलाब होत आहेत का, हे सारे नीट विचारले आणि आम्लपित्ताचे औषध लिहायला घेतले. त्याच्या बोलण्यात बोट ठेवावे असे काहीच नव्हते. मात्र एवढ्या वेळात तो रुग्ण एकदाही सरळ बसला नव्हता, आणि ही गोष्ट माझ्याही लक्षात यायला बराच उशीर झाला, कारण मीसुद्धा रुग्णाच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. मी मध्ये बोलले आणि त्याला उभे राहून, चवड्यांवर उंच होऊन, टाचा एकदम जमिनीवर टेकवायला सांगितले. टाचा टेकताच त्याचा हात पोटाच्या उजव्या खालच्या भागावर गेला. त्याला त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवले. अपेंडिक्सला सूज होती.

तोच डॉक्टर वॉर्डात असता तर त्याने पोटाला हात लावला असता आणि निदान त्याच्या हातून निसटले नसते. त्याच्या ज्ञानात उणीव नव्हती. हात लावण्याची सोय नसताना हाताचे काम दुसऱ्या कशाकडून करून घ्यायचे, आणि ते कशानेच होत नसेल तर कोणत्या क्षणी थांबून 'तुम्हाला प्रत्यक्षच यावे लागेल' असे म्हणायचे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. प्रश्नावलीने हे विचारलेही नव्हते.

म्हणून हा धागा काढला आहे. माझे मत असे झाले आहे की दूरसल्ल्याची तयारी म्हणजे यंत्र हाताळता येणे किंवा दूरसल्ल्याबद्दल अनुकूल मत असणे ही समजूत अपुरी आहे. पडद्यावरून काय ठरवता येते आणि काय ठरवता येत नाही याची सीमा प्रत्येक तक्रारीपुरती ओळखता येणे, आणि ती सीमा आली की रुग्णाला सुखरूपपणे पुढच्या हाती सोपवता येणे, याला मी तयारी म्हणेन. येथे डॉक्टर, परिचारिका, संशोधक आणि रुग्णांचे नातेवाईकही आहेत. आपापल्या अनुभवातून सविस्तर लिहावे, ही विनंती.

अंकगणित

सायंताराताई, मी अशा प्रश्नावल्या तयार करण्याचे आणि त्यांचे विश्लेषण करण्याचे काम करतो, त्यामुळे तुमचा रोख माझ्याकडेही आहे असे समजून लिहितो.

या प्रश्नावल्यांपैकी अनेकींचे मूळ वैद्यकात नाही. अमेरिकी संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली तंत्रज्ञान-स्वीकाराचे जे प्रारूप मांडले ते कार्यालयात संगणक वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांवरून बेतलेले होते. एखादी प्रणाली उपयुक्त वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का, या दोन गोष्टींवरून ती माणूस वापरेल की नाही याचा अंदाज बांधायचा, हा त्याचा गाभा. त्या कामासाठी ते प्रारूप चांगले आहे. पण ते 'वापरेल का' याचे उत्तर देते. 'नीट वापरेल का' हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलेलाच नाही. आपण मात्र स्वीकाराचे माप घेतो आणि त्याला तयारी असे नाव देतो.

दुसरी अडचण अशी की डॉक्टर स्वतःबद्दल जे सांगतात तेच आपण मोजतो. 'मला गोपनीयतेचे नियम माहीत आहेत' या विधानाला 'पूर्णतः सहमत' म्हणणारा डॉक्टर प्रत्यक्षात रुग्णाचे छायाचित्र स्वतःच्या खासगी फोनमध्ये ठेवत असेल, तर त्याचा पत्ता या पद्धतीला लागणारच नाही. प्रश्नावली निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. प्रशिक्षण कोठून सुरू करावे, भीती कशाची आहे, साधने कोठे कमी पडतात, हे ती चांगले दाखवते. तिच्या गुणांवरून पाळ्या लावणे हे मात्र तिच्या कुवतीबाहेरचे काम आहे.

काठावरचा

मी तीसहून अधिक वर्षे कुटुंबवैद्य म्हणून काम करीत आहे आणि माझे मत प्रतिकूल आहे, ते स्पष्टपणे मांडतो. रुग्ण दारातून आत येतो तेव्हाच तपासणी सुरू होते. त्याची चाल, खुर्चीत बसताना घेतलेला आधार, तोंडाला येणारा वास, हाताचा गारवा, बरोबर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची काळजी, यांतले पडद्यावर काय येते? ताईंनी दिलेले उदाहरण मला तरी दूरसल्ल्याच्या विरोधातलाच पुरावा वाटते. जे काम शिक्षक शेजारी बसल्याशिवाय सुरक्षित होत नाही, ते नव्या डॉक्टरांच्या हाती का द्यावे?

सायंतारा

काठावरचा सर, तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि तीतल्या निम्म्या गोष्टी पडद्यावर येत नाहीत हेही खरे आहे. तरी एक जुना अभ्यास येथे आठवतो. हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ब्रिटनमध्ये ओपीडीत नव्याने आलेल्या ८० रुग्णांचा मागोवा घेतला होता. त्यांपैकी ६६ रुग्णांच्या बाबतीत केवळ पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि रुग्णाने सांगितलेली हकीकत यांवरून झालेले निदान शेवटपर्यंत टिकले. ७ रुग्णांत शारीरिक तपासणीने आणि आणखी ७ रुग्णांत प्रयोगशाळेतील तपासण्यांनी निदान बदलले. म्हणजे आपल्या कामाचा मोठा भाग बोलण्यातून आणि ऐकण्यातून होतो, आणि तो भाग पडद्यावरून करता येण्यासारखा आहे.

पण मला त्या अभ्यासातले ते ७ रुग्ण अधिक महत्त्वाचे वाटतात. पडद्यापुढे बसलेला रुग्ण त्या ६६ जणांतला आहे की त्या ७ जणांतला, हे संभाषण चालू असतानाच ओळखता आले पाहिजे. ज्याला ते ओळखता येते तो तयार आहे, असे मला म्हणायचे आहे. आमच्या त्या डॉक्टरला ते ओळखता आले नाही, कारण त्याने समोरच्या प्रत्येक रुग्णाला त्या ६६ जणांत धरले होते.

नव्या डॉक्टरांच्या हाती हे काम का द्यावे, हा तुमचा प्रश्न मात्र मी टाळत नाही. माझे उत्तर असे आहे की प्रत्यक्ष तपासणीचा पुरेसा अनुभव नसलेल्याच्या हाती ते एकट्याने देऊच नये. ज्याने शंभर पोटांना हात लावला आहे, त्यालाच एकशेएकावे पोट न चाचपता त्याबद्दल शंका येऊ शकते.

खिडकीतली

मी परिचारिका आहे आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला काम करते. आमच्या केंद्रात डॉक्टर नसतात. रुग्ण माझ्या शेजारी बसतो आणि दूरच्या तज्ज्ञांशी बोलतो. येथे सारी चर्चा डॉक्टर आणि पडदा यांच्यापुरती चालली आहे, म्हणून लिहिते.

डॉक्टर तयार आहे की नाही हे मला पहिल्या दोन मिनिटांत कळते. तयार डॉक्टर प्रथम मला विचारतात की तुमच्याकडे काय काय आहे, बीपीचे यंत्र कोणत्या मापाच्या पट्ट्याचे आहे, शुगर तपासता येते का, ईसीजी काढता येतो का. नंतर ते मला सांगतात की सूज पाहण्यासाठी पायावर बोट दाबून ठेवा, सोडा, आणि खड्डा राहतो का ते कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवा. काहीजण मला पोट कसे चाचपायचे ते शब्दांनी सांगतात आणि मी हात फिरवत असताना त्यांचे लक्ष रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. जे तयार नसतात ते रुग्णाशी एकट्याशीच बोलतात आणि मी खोलीत आहे याची त्यांना जाणीवही नसते.

ही रीत नवी नाही, असे आमच्या प्रशिक्षणात सांगितले होते. १९६८ साली बोस्टनच्या लोगन विमानतळावरील दवाखाना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी दुहेरी दूरचित्रवाणीने जोडला गेला, तेव्हा विमानतळाच्या बाजूला रुग्णाजवळ परिचारिकाच असत. डॉक्टर पलीकडून पाहत आणि हात परिचारिकेचे असत.

काठावरचा

खिडकीतली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या मतात थोडा फरक पडला, हे मान्य करतो. रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस असणे आणि रुग्ण घरी एकटा फोन धरून बसलेला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्यांना एकाच नावाखाली धरून बोलत होतो. दुसऱ्या प्रकाराबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.

तारायंत्र

मी डॉक्टर नाही. संदेशवहनाच्या क्षेत्रात काम करतो. दूरवैद्यकाच्या इतिहासाची मला आवड आहे आणि खिडकीतली यांच्या मुद्द्याला जोड देणारी काही उदाहरणे सांगतो.

ईसीजीचे यंत्र घडवणारे डच शास्त्रज्ञ आइन्थोवेन यांनी १९०५ साली नेदरलँड्समधील लायडेनमध्ये रुग्णालयातील रुग्णाच्या हृदयाचे विद्युत-आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतले. त्यांचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णाकडे नेणे शक्य नव्हते. रोममध्ये १९३५ साली जहाजांवरील खलाशांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देणारे केंद्र स्थापन झाले आणि मार्कोनी त्याचे पहिले अध्यक्ष होते. डॉक्टर नसलेल्या जहाजावर आजारी पडलेल्या माणसाची तपासणी तेथे जहाजावरचा अधिकारी करी आणि तो जे सांगे त्यावर डॉक्टर निर्णय घेत.

मला सर्वांत शिकवून गेलेले उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या, विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचे आहे. या सेवेने १९४२ पासून दूरदूरच्या वस्त्यांवर औषधांच्या पेट्या ठेवायला सुरुवात केली. पेटीतील प्रत्येक औषधाला क्रमांक दिलेला असे. रेडिओवर आवाज फुटत असतानाही डॉक्टर अमुक क्रमांकाची गोळी इतक्या वेळा द्या, असे निःसंदिग्धपणे सांगू शकत. पुढे मानवी शरीराचे क्रमांक घातलेले चित्रही आले, म्हणजे दुखते कोठे हे रुग्णाला क्रमांकाने सांगता येई. डॉक्टरचे ज्ञान, संदेशाचे माध्यम आणि पलीकडच्या माणसाची समज, या तिन्हींतल्या उणिवा आधीच ओळखून केलेली ही आखणी आहे. आज आपल्याकडे माध्यम कितीतरी सुधारले आहे, पण रुग्णाच्या बाजूची आखणी आपण बहुधा रुग्णावरच सोडून देतो.

एक तांत्रिक गोष्टही सांगतो, कारण ती डॉक्टरांना कोणी सांगत नाही. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची सर्वसाधारण शिफारस आहे. त्यापुढे विलंब गेला की दोन्ही माणसे एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि रुग्ण 'जाऊ द्या, काही नाही' म्हणून सोडून देतो. तसेच व्हिडिओ कॉलची ॲप पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप गाळतात. श्वासाची घरघर त्या गाळणीत अडकू शकते. कॅमेरा पांढऱ्या रंगाचा समतोल स्वतः ठरवतो, त्यामुळे डोळ्यांतली पिवळी झाक किंवा ओठांची निळसर छटा पुसट होऊ शकते. पडद्यावर दिसले नाही म्हणजे ते रुग्णात नाही, असे धरून चालू नये.

सायंतारा

तारायंत्र, हा शेवटचा परिच्छेद मी आमच्या प्रशिक्षणात जसाच्या तसा वापरणार आहे. 'कावीळ नाही' असे केसपेपरवर लिहिणे आणि 'व्हिडिओवर कावीळ दिसली नाही, दिव्याचा प्रकाश पिवळा होता' असे लिहिणे, यांत पुढच्या डॉक्टरसाठी फार मोठा फरक आहे. दूरसल्ल्याच्या नोंदीत आपण काय पाहू शकलो नाही हेही लिहिले पाहिजे, आणि आमच्या नोंदींच्या नमुन्यात त्यासाठी जागाच नाही.

दम लागलेल्या रुग्णांच्या बाबतीत तर हे जिवावर बेतणारे आहे. एका श्वासात किती आकडे मोजता येतात यावरून धापेची तीव्रता ठरवण्याची एक पद्धत २०२० मध्ये अनेक ठिकाणी वापरात आली. ऑक्सफर्डच्या पुरावाधिष्ठित वैद्यक केंद्राच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी ती न वापरण्याचा सल्ला दिला, कारण दुरून तपासताना तिच्यावर विसंबावे असा पुरावाच नव्हता. रक्तातील ऑक्सिजन मोजण्यासाठी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होते. आकडा मिळाला की डॉक्टरला हायसे वाटते, आणि नेमक्या त्याच क्षणी रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येते का, बोलताना तो मध्ये श्वासासाठी थांबतो का, काल जेवढे चालू शकत होता तेवढे आज चालू शकतो का, हे विचारायचे राहून जाते.

शांतवन

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. आमच्या शाखेला दूरसल्ला सर्वांत सोयीचा, असे सर्वजण म्हणतात आणि इतिहासही त्याला दुजोरा देतो. अमेरिकेत नेब्रास्का येथील मनोविकार संस्थेने १९५९ पासूनच दुहेरी दूरचित्रवाणीचा वापर सुरू केला होता आणि १९६४ मध्ये ती १८० किलोमीटर दूरच्या एका मनोरुग्णालयाशी जोडली गेली. मला स्वतःलाही बऱ्याच रुग्णांशी व्हिडिओवर अधिक मोकळे बोलता येते, कारण ते स्वतःच्या घरात असतात.

पण घर हीच अडचणही ठरते. एक रुग्णा दोन महिने प्रत्येक सल्ल्याच्या वेळी 'सगळे ठीक आहे' असे सांगत असे. एके दिवशी तिने बोलता बोलता नजर कॅमेऱ्याच्या वर नेली आणि वाक्य बदलले. खोलीत कोणीतरी उभे होते. तेव्हापासून मी प्रत्येक सल्ल्याच्या सुरुवातीला 'खोलीत आणखी कोण आहे' असे विचारतो, आणि शंका असेल तर ज्यांचे उत्तर केवळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येईल असेच प्रश्न विचारतो.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा रुग्ण पडद्यावर असताना कॉल तुटला, तर डॉक्टरने काय करायचे? रुग्ण या क्षणी कोठे आहे, त्याच्या जवळ कोण आहे, त्या व्यक्तीचा क्रमांक काय, आणि त्या ठिकाणी तातडीची मदत कोणाकडून मिळते, हे पहिल्या मिनिटातच लिहून घेतलेले असले पाहिजे. केसपेपरवरचा पत्ता उपयोगाचा नाही, कारण रुग्ण प्रवासात किंवा नातेवाइकाकडे असू शकतो. तयारी तपासायची असेल तर मी एकच प्रश्न विचारेन: आत्ता हा कॉल तुटला, तर पुढची पाच मिनिटे तुम्ही काय कराल?

मुक्तछंद

मी रुग्णाच्या बाजूने लिहिते. माझ्या आईला हृदयाचा जुना आजार आहे आणि घराबाहेर नेणे अवघड असते, त्यामुळे गेली काही वर्षे आम्ही दूरसल्ल्यावर बरेच अवलंबून आहोत. येथे 'थांबून रुग्णाला बोलावणे' याला तयारी म्हटले आहे. त्यात एक धोका मला दिसतो आणि तो सांगणे आवश्यक वाटते.

आम्हाला असे डॉक्टर भेटले की जे प्रत्येक प्रश्नावर 'प्रत्यक्ष दाखवा' असेच म्हणत. आईच्या पायांवरची सूज थोडी वाढली होती, वजन दोन दिवसांत वाढले होते, लघवीच्या गोळीचा डोस बदलायचा का एवढेच विचारायचे होते. त्यांनी काहीही न विचारता रुग्णालयात न्यायला सांगितले. तिला जिन्यावरून खाली आणण्यातच तिची दमछाक झाली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रोज सकाळी लघवीनंतर आणि न्याहारीपूर्वी वजन करायला सांगितले, वजन, बीपी आणि नाडी लिहायची वही घालून दिली, किती वाढ झाली की लगेच फोन करायचा ते सांगितले, आणि रात्री सपाट झोपता येईनासे झाले तर फोनही न करता थेट तातडीच्या विभागात यायचे, हे आम्हा दोघींकडून वदवून घेतले. त्यांच्याशी बोलून झाल्यावर आम्हाला काय करायचे ते ठाऊक असते. पहिल्या डॉक्टरांशी बोलून झाल्यावर आम्ही अधिकच घाबरलेलो असायचो.

सीमा ओळखणे आणि जबाबदारी झटकणे बाहेरून सारखेच दिसते. तुम्ही लोक त्या दोहोंत फरक कसा करणार?

सायंतारा

मुक्तछंदताई, मूळ लेख लिहिताना हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, आणि तो राहायला नको होता. मी चूक झालेला रुग्ण पाहिला होता म्हणून मला फक्त निसटलेले निदान दिसत होते. विनाकारण जिना उतरायला लावलेली आई मला दिसली नव्हती. तिलाही इजाच झाली आहे, फक्त ती कोणत्या नोंदवहीत लिहिली जात नाही.

फरक करण्याची एक खूण मला सुचते. 'प्रत्यक्ष या' असे सांगणाऱ्या डॉक्टरला 'कशासाठी' याचे उत्तर देता आले पाहिजे. प्रत्यक्ष आल्यावर मी अमुक तपासणार आहे आणि ते असे निघाले तर उपचार बदलणार आहे, असे तो सांगू शकत असेल तर ती सीमा आहे. तसे सांगता येत नसेल तर डॉक्टर स्वतःची धास्ती रुग्णाच्या पायांवर टाकत आहे. पाठवताना कोठे जायचे, किती वेळात जायचे आणि तेथील डॉक्टरला आपण काय कळवले आहे, हेही त्याने सांगायला हवे. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी घालून दिलेली वही हा तर दूरसल्ल्यातला सर्वांत मोलाचा उपचार आहे.

अंकगणित

नियमांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. जागतिक वैद्यकीय संघटनेचे दूरवैद्यकाच्या नीतीविषयीचे निवेदन २००७ मध्ये स्वीकारले गेले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. डॉक्टर सुरक्षित व स्वीकारार्ह वेळेत प्रत्यक्ष उपस्थित राहू शकत नसेल अशा वेळी प्रामुख्याने दूरवैद्यक वापरावे, असा त्याचा रोख होता. भारतात २५ मार्च २०२० रोजी निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनी औषधांच्या याद्याच पाडून दिल्या. काही औषधे कोणत्याही माध्यमातून सल्ला देऊन लिहिता येतात, काही पहिल्या वेळी केवळ व्हिडिओवर पाहिल्यावर लिहिता येतात, काही फक्त पूर्वी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला, आणि काही मुळीच लिहिता येत नाहीत. दूरसल्ला पुरेसा आहे की नाही हे ठरवण्याचे काम मात्र त्या सूचनांनी डॉक्टरच्या विवेकावरच सोपवले आहे. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२१ मध्ये दूरवैद्यकातील क्षमतांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात रुग्णाची सुरक्षा आणि दूरसल्ल्याचा योग्य वापर हा एक स्वतंत्र विभागच आहे. म्हणजे ताई जे म्हणत आहेत ते कागदावर मान्य झालेले आहे. ते मोजायचे कसे, हे काम माझ्यासारख्यांनी अजून नीट केलेले नाही.

काठावरचा

मग ते शिकवायचे कसे? माझ्या पिढीतल्या डॉक्टरांचे काय? आम्हाला परत वर्गात बसवणार का?

शांतवन

सर, वर्गाची गरज नाही असे दाखवणारे एक चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको येथे संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला. हेपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे उपचार तेव्हा विद्यापीठातील तज्ज्ञच करीत. अरोरा यांनी दूरदूरच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणून त्यांच्याच रुग्णांवर चर्चा घडवली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विद्यापीठात ५७.५ टक्के आणि दूरच्या केंद्रांत ५८.२ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते. त्या चर्चेत कोणी व्याख्यान ऐकत बसत नसे. प्रत्येक डॉक्टर आपला अडलेला रुग्ण मांडत असे. तुमच्यासारखा अनुभवी कुटुंबवैद्य अशा बैठकीत जितके शिकेल, त्याहून अधिक इतरांना शिकवेल, असे मला मनापासून वाटते. दारातून आत येणाऱ्या रुग्णात तुम्ही काय पाहता, याची जी यादी तुम्ही वर दिली आहे, तीच तर नव्या डॉक्टरांकडे नाही.

सायंतारा

शांतवन यांच्या सूचनेवरून आम्ही काय ठरवले आहे ते लिहिते, कारण काठावरचा सरांनी त्यात यावे अशी माझी इच्छा आहे.

प्रश्नावली आम्ही ठेवणार आहोत, पण ती केवळ प्रशिक्षणाची सुरुवात ठरवण्यासाठी. पाळी लावण्यापूर्वी प्रत्येक निवासी डॉक्टर सहा बनावट सल्ले देईल. रुग्णाचे काम आमच्यातलेच कोणीतरी दुसऱ्या खोलीतून करेल. सहांपैकी तीन प्रसंग दुरूनच निभावण्यासारखे असतील, दोन प्रत्यक्ष तपासणीशिवाय सोडवता न येण्यासारखे असतील आणि एकात कॉल मध्येच तोडला जाईल. कोणता प्रसंग कोणत्या प्रकारचा आहे हे डॉक्टरला सांगितले जाणार नाही. विनाकारण बोलावलेल्या रुग्णाचेही गुण कापले जातील. मुक्तछंदताईंच्या प्रतिसादामुळे हा नियम घातला. एका प्रसंगात खिडकीतली यांच्यासारखी परिचारिका खोलीत बसलेली असेल, आणि डॉक्टर तिला काही विचारतो का ते पाहिले जाईल. त्यानंतरचे पहिले वीस खरे सल्ले अनुभवी डॉक्टर शेजारी असताना होतील, आणि दर आठवड्याला एक तास, ज्यांना 'प्रत्यक्ष या' असे सांगितले त्या रुग्णांचे पुढे काय झाले ते सर्वजण मिळून वाचतील.

सर, ती पोटदुखी, तो दम आणि ती चक्कर असलेला रुग्ण तुमच्यापेक्षा खरा कोण वठवणार? खुर्चीत बसताना आधार कोठे घ्यायचा हे तुम्हालाच ठाऊक आहे.

काठावरचा

येतो. मात्र मी वठवलेला रुग्ण सुरुवातीला 'काही विशेष नाही, सहज फोन केला' असेच म्हणेल, कारण माझ्याकडे येणारे निम्मे गंभीर रुग्ण तसेच म्हणत आले आहेत. पहिल्या प्रसंगासाठी छातीतल्या दुखण्याला जळजळ म्हणणारा माणूस घ्यावा, असे सुचवतो. दिवस कळवा.